मोडशिंग्याचा टँक

ज्या घरी बहीण दिली त्या घरी भावाने तोंड उघडायचं नसतं, असं आमचे वडील सांगत. मी ते तीस वर्षं पाळलं. भुकूमला जायचं, मेहुण्याच्या ओट्यावर बसायचं, 'कशाला उगाच' म्हणत दोन कप चहा प्यायचा, दाजी बोलतील त्याला मान हलवायची आणि स्कूटरला किक मारून आपल्या गावी, रिह्याला, परत यायचं. पण तोंड मिटलेलं असलं म्हणजे माणसाला मतच नसतं असं नाही. आमच्या दाजींबद्दलचं माझं मत लग्नाच्या मांडवातच पक्कं झालं होतं. अंतरपाट खाली आला, समोर माझी बहीण हार घेऊन उभी, आणि हे गृहस्थ फोटोवाल्याकडे बघून केस सारखे करत होते. त्यानंतर ते मत बदलावं असं त्यांनी काही केलेलं नाही.

दाजी म्हणजे भुकूमचे राजूशेठ. ही शेठकी गावाने दिलेली नाही, त्यांनीच ती गाडीच्या मागच्या काचेवर रंगवून घेतली. रस्त्याकडेची खाचरं विकली गेली, तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या. उरलेल्या जागेत यांचा दोन मजली बंगला झाला, वरच्या मजल्यावरच्या खोल्या हिंजवडीला जाणाऱ्या पोरापोरींना भाड्याने गेल्या. आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात भातलावणीला पोटरीला चिखल लावून घेतला नाही, तो 'आमी शेतकरी मानसं' अशी सुरुवात करून भाषणं द्यायला लागला. शेतीपैकी त्यांच्याकडे आता एकच गोष्ट उरली होती, पाखऱ्या नावाचा शर्यतीचा बैल. तो एका यात्रेत एकदा पहिला आला. त्या दिवसापासून गोठ्यात पंखा बसला, आणि पाखऱ्याचं तोंड गाडीवर, फाटकावर, भिंतीवरच्या घड्याळात, जिथे जागा मिळेल तिथे विराजमान झालं. माझ्या बहिणीचाही एक फोटो त्या घरात आहे. तो तिच्या आधार कार्डावर आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. तरुणपणी दाजी जमीन मोजणाऱ्यांची साखळी धरायला जात. तेवढ्या भांडवलावर त्यांनी स्वतःला मोजणी अधिकारी करून टाकलं. टेप त्यांना चालत नाही. कुठेही गेले की लांब ढांगा टाकायच्या आणि बोट वर करून सांगायचं, "माजी ढांग म्हंजी सरकारी माप." वाढतं वय, वाढतं पोट, चावणारे बूट, यांपैकी कशानेही ही ढांग बदलत नाही असा त्यांचा विश्वास आहे.

तर अशा माणसाने एक दिवस ठरवलं, की घरामागे पोहण्याचा टँक बांधायचा.

ही बातमी मला साधनाने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर सांगितली. साधना फोनवर फार बोलत नाही. 'बरी हाय, तू बरा हायेस ना' एवढ्यात तिचा फोन आटोपतो. त्या दिवशी आवाज वेगळाच होता.

"दादा, हे घरामागं टँक बांधत्यात. स्विमिंगचा. डाक्टरनं माज्या गुडघ्यांसाठी सांगितलं व्हतं न्हवं का, पान्यात व्यायाम करा म्हनून? आता सगळ्यांना सांगत फिरत्यात, मालकिणीसाठी बांधतोय म्हनून."

"मग तू काय करनार टँकात?"

"काय करनार म्हंजी? पवनार!" ती म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मी किती वर्षांनी ऐकलं कोण जाणे.

आमच्या रिह्याच्या ओढ्याला एक डोह आहे. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला, जांभळीच्या सावलीत. वडिलांनी आम्हा दोघांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून आम्हाला तिथे ढकलून दिलं होतं. मी काठाचा दगड धरून पुष्कळ दिवस रडलो. साधनाने भोपळा लगेचच सोडून टाकला. तिच्यासारखं पोहणारं आमच्या खोऱ्यात कोणी नव्हतं, पोरांतसुद्धा नाही. पाण्याचा आवाज होऊ न देता लांब लांब हात टाकत जायची, या काठावरून त्या काठाला, तिथून परत, आणि पुन्हा. लग्न झालं आणि ते बंद पडलं. भुकूमच्या सुना विहिरीवर धुणं घेऊन जात, पोहायला नव्हे. पुढे ती विहीरही दाजींनी राडारोडा टाकून बुजवली, कारण विहीर असली की बंगला खेडवळ दिसतो. विहीर बुजवणारा तोच माणूस आता पाण्यासाठी खड्डा खणणार होता. पण असो म्हटलं. बहिणीला पाणी मिळत होतं. मला आयुष्यात पहिल्यांदाच दाजींबद्दल बरं वाटायच्या बेतात होतं.

ते बरं वाटणं बारशापर्यंत टिकलं.

बारसं भैरूच्या नातवाचं होतं. भैरू म्हणजे दाजींचा थोरला चुलतभाऊ, शेजारी, आणि अर्थातच वैरी. दोघांच्या आवारांमध्ये एक जुना बांध आहे. पूर्वी दोघांच्या बापांनी तो नांगराने कोरून कोरून खाल्ला. दर नांगरटीला एकाने इकडून वीतभर घ्यायचा, दुसऱ्याने तिकडून. आता नांगर गेले, पण दात शाबूत आहेत. भैरूने त्याच्या बाजूला शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि मध्ये एक टँक केला होता. दाजींच्या टँकाचं खरं कारण साधनाचे गुडघे नव्हतेच, भैरूचा टँक होता, हे मला त्या बारशात कळलं. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, बाळाचं नाव ठेवलं जात होतं, आणि दाजी हातात जिलबीची ताटली घेऊन टँकाच्या काठाकाठाने ढांगा टाकत होते. ओठ हलत होते. वळणावर एक जिलबी पाण्यात पडली, तरी मोजणी थांबली नाही. नवे बूट चावत होते, त्यामुळे सरकारी ढांग त्या दिवशी जेमतेम पाऊलभर पडत होती. साहजिकच भैरूचा टँक होता त्याहून कितीतरी मोठा भरला.

दाजी घाम पुसत माझ्याशेजारी येऊन बसले. "पाव्हणं, दिसतोय त्याच्यापरीस लई मोटा हाय की ह्यो. आसू द्या. आपला त्याच्यापेक्षा दोन ढांगा जास्त. काय वाट्टेल ते हुंदे."

मी मान हलवली. मोठा टँक म्हणजे साधनाला लांबवर पोहता येईल, असा मी साधाभोळा विचार केला. मोठेपणाचा आणि उपयोगाचा काही संबंध असतो असं समजणारा मीच मूर्ख.

मग पुण्याहून शैलेश नावाचा पोरगा आला. टँक आखून देणं हा त्याचा धंदा. पहिल्या दिवशी त्याने बिचाऱ्याने सरळ गोष्ट सांगितली होती. घरामागची जागा अरुंद पण लांबच लांब आहे, स्वयंपाकघराच्या दारापासून पार मागच्या चिकूपर्यंत. "शेठ, इथे लांब आयताकृती टँक मस्त बसेल. पोहायलाही चांगला."

दाजींचं तोंड शिवी ऐकल्यासारखं झालं. "चौकोनी? आरं, चौकोनी गुरांचा हौद असतुया."

त्यानंतर आकारांची वरात निघाली. बदामाचा झाला. त्यात लग्न ठरलेली जोडपी फोटो काढतात, भैरूकडे असलीच जोडपी येतात, म्हणून बाद. विड्याच्या पानाचा झाला, तो वरून पिंपळाच्या पानासारखा दिसतो, आणि पिंपळाखाली मुंजा असतो, म्हणून बाद. काजूचा झाला, पण काजू कोकणातला, आपण काय कोकणातले, म्हणून तोही गेला. शैलेश प्रत्येक वेळी नवीन चित्र काढून आणायचा. त्याला आता एकच वाक्य पाठ झालं होतं, 'होऊन जाईल, शेठ.' नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचायचं कुणालाच नव्हतं, नुसतं अंगणच वाकडं करायचं होतं.

मी गेलो त्या रविवारी शैलेश ओट्यावर मान खाली घालून बसला होता आणि दाजी एकटक फाटकाकडे बघत होते. फाटकावर पाखऱ्याचं पत्र्याचं तोंड आहे.

"पाखऱ्या," दाजी पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "पाखऱ्याचं तोंड! शिंगासकट. वरनं ड्रोन फिरला की आख्ख्या तालुक्यानं वळखलं पायजे, ह्यो राजूशेठचा टँक."

शैलेशने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"होऊन जाईल, शेठ," तो म्हणाला.

साधना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती पुरुषांच्या बोलण्यात सहसा पडत नाही. त्या दिवशी पडली.

"अवं, मी काय म्हनते, लांब करा की. सरळ. ह्या दारापासनं चिकूपतुर. शिंगंबिंगं नगंत. हितनं तितं पवत जाता आलं पायजे, बास."

दाजी हसले. आधी शैलेशकडे बघून हसले, मग माझ्याकडे बघून. बायकोकडे बघायचं राहून गेलं.

"घ्या! हिला काय म्हाईत? अगं, टँकात कुनी पवतं व्हय? टँकात उभं ऱ्हात्यात. भैरूकडं येत्यात त्यांना बघ की. पान्यात उभं ऱ्हायचं, मोबाइल वर धरायचा, फोटू काढायचा, भाईर यायचं. पवायला आपन काय बेडकं हाय?"

भैरूच्या पाहुण्यांबद्दल ते खोटं बोलत नव्हते, एवढं मी कबूल करतो. पण साधनाचा चेहरा मला बघवेना. ती भरलेले कप तसेच ट्रेमध्ये घेऊन आत निघून गेली. चहा परत गेला हेसुद्धा दाजींना कळलं नाही. ते हवेत बोटाने शिंगं काढत होते.

आता बैलाच्या तोंडाचं एक असतं. ते कितीही लांब करता येत नाही. शिंगापासून शिंगापर्यंत जितकी रुंदी, त्या मानानेच मुस्कट पाहिजे, नाहीतर बैलाचं घोडं होतं. आणि रुंदीला तर जागाच नव्हती. एका अंगाला पाखऱ्याचा गोठा, दुसऱ्या अंगाला भैरूचा बांध. म्हणजे पार चिकूपर्यंतची लांबच लांब जागा मोकळी ठेवून टँक पुढच्या तुकड्यात आडवातिडवा कोंबायचा, असं ठरलं. शैलेशच्या माणसांनी जमिनीवर चुन्याची फक्की मारली. पांढऱ्या रेघांत पाखऱ्याचं तोंड उमटलं, आणि त्याचं उजवं शिंग बांध ओलांडून वीतभर पलीकडे गेलं. ते चुकून गेलं असं ज्याला वाटत असेल त्याने आमच्याकडे एकदा नांगरट बघायला यावी.

भैरू बांधावर मिश्री लावत उभा होता. त्याने सावकाश थुंकून घेतलं.

"राजू, तुज्या बैलाचं शिंग माज्यात आलंय."

"आरं दादा, येवडंसं टोक हाय. टोकानं काय हुतंय?"

"आपल्या बापांनी टोकाटोकानंच बांध खाल्ला. पन त्यांचं बैल जित्तं तरी व्हतं. तू चुन्याचा बैल घालतुयास व्हय माज्या रानात?"

झालं. दोन दिवस कामकाज बंद. गावातली चार जाणती माणसं आली, चहा प्यायली, दोघांचंही बरोबर आहे म्हणून गेली. दाजींनी सगळ्यांदेखत बांधापासून ढांगा टाकून जागा मोजली. पहिल्यांदा एक उत्तर आलं, दुसऱ्यांदा दुसरं, आणि तिसऱ्यांदा तर भैरूचीच जागा वाढली. शेवटी भैरू म्हणाला, "सरकारी मोजणी बोलवू. सगळ्याच भिताडांची करू." भिंतींचं नाव निघाल्यावर दाजी एकदम गार पडले. त्यांच्या कंपाउंडची भिंत कुठून कुठे सरकली आहे ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता मार्ग तीन होते. गोठा हलवायचा. पण जागा बदलली की पाखऱ्या वैरण खात नाही. तोंड लहान करायचं. पण मग टँक भैरूपेक्षा लहान ठरतो. राहिला तिसरा. उजवं शिंग बांधाच्या अलीकडेच कापलं. आमच्याकडे शिंग मोडलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही. अपशकुनी म्हणतात, खाटकाची वाट दाखवतात. आणि या महाशयांनी आयुष्यभरासाठी सिमेंटात मोडशिंग्या ओतून घेतला! खड्डा पुरता खणूनही झाला नव्हता तोच गावाने नाव ठेवलं, मोडशिंग्याचा टँक. पोरं मारुतीच्या पारावर बसून विचारायची, "शेठ, मोडशिंग्याला पानी पाजलं का?"

ते दाजींच्या कानावर गेलं. दुसरा कोणी असता तर शरमेने चौकोनी खड्डा करून मोकळा झाला असता. पण यांना वाटलं, लोकांचं लक्ष शिंगावरून उडवलं की झालं. मग पाखऱ्याच्या कपाळावर गुलालाचा टिळा आला. टिळा म्हणजे लाल फरशीचा गोल ओटा, टँकाच्या बरोबर मधोमध, त्याच्या काठाला कारंजं आणि वर दाजींनी बसायची खुर्ची. जे काही चार हात सरळ पाणी उरलं होतं, त्याच्या मधोमध हे गळू.

इतकं होऊनही साधनाने आशा सोडलेली नव्हती. हे मला गौतमीकडून कळलं. गौतमी म्हणजे वरच्या खोलीत भाड्याने राहणारी सांगलीकडची पोरगी, आयटीत आहे. ती मला जिन्यात भेटली आणि हळूच म्हणाली, "मामा, काकूंनी माझ्याकडून पोहायचा ड्रेस मागवलाय. पूर्ण हातापायांचा. माप सांगताना किती लाजत होत्या! साड्यांच्या खाली ठेवलाय, काकांना बोलू नका हं."

मी साधनाला विचारलं. ती भाजी निवडत होती.

"अगं, पन मधी ओटा आला की."

"आला तर आला," मान वर न करता ती म्हणाली. "ओट्याला वळसा घालून जाईन. पानी तर हाय ना?"

मला इतका राग आला की जेवण गेलं नाही. दाजींचा तर आलाच, पण असल्या माणसाकडून एवढंसं पाणी मागणाऱ्या माझ्या बहिणीचाही आला. आणि कळस पुढेच होता. टँक भरायला घेतला त्या दिवशी दाजींनी घरात जाहीर केलं, की बायामाणसांनी पाण्यात उतरायचं नाही. शेठाची बायको पाण्यात दिसली म्हणजे लोक काय म्हणतील? भाषणात टँक मालकिणीसाठी, आणि टँकात मालकिणीला बंदी. उथळ पाण्याला खळखळाट फार असतो हे मी शाळेत पोरांना तीस वर्षं शिकवलं, पण त्याचं उदाहरण घरचंच निघेल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला जलपूजन होतं. रस्त्यापासून फ्लेक्स लावलेले, त्यावर एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला पाखऱ्या. दोघांनाही हार. ड्रोनवाला आला होता, भाऊबंद आले होते, भैरूही बायकोला, अनसूयाला, घेऊन आला होता, आणि घरच्या पाहुण्यासारखा न बसता मुद्दाम मोडक्या शिंगापाशी उभा होता. दाजी टिळ्यावर खुर्ची टाकून बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, पांढरे बूट. तिथवर ते पोचले ते काठापासून ओट्यापर्यंत टाकलेल्या फळीवरून, दोघांचे हात धरून. कारण आमच्या दाजींना पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्यांना सगळी कुलदैवतं आठवतात.

नव्या पाण्याची पहिली ओटी घरच्या सवाशिणीने भरायची असते. विहीर असो, बोअर असो, तो मान तिचा. तेवढ्यासाठी बायामाणसांची बंदी उठली होती. साधना भरजरी साडी नेसून पाखऱ्याच्या मुस्कटापाशी पायऱ्या उतरली. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. हळदकुंकू वाहिलं, पाण्यात तांदूळ सोडले, खण-नारळ ठेवला, हात जोडले. भटजी मंत्र म्हणत होते. आता तिने उठायचं होतं.

ती उठली नाही. पाण्याकडे बघत बसली. मग तिने ताट बाजूला सरकवलं, उभी राहिली, निऱ्या मागे घेऊन काष्टा घातला आणि पदर कमरेला खोचला. काय होणार ते त्या गर्दीत मला एकट्याला कळलं. भटजींना तो विधीचाच भाग वाटला, त्यांनी पुढचा मंत्र धरला.

साधना पाण्यात शिरली. आवाज झाला नाही. भरजरी साडी अंगावर, पन्नाशीचं वय, दुखरे गुडघे, पण हात तसाच लांब पडला, डोहात पडायचा तसा. दुसरा हात पडला. तिसऱ्यासाठी तिने हात उचलला, तो लाल फरशीवर आपटला. ओटा आला होता. ती वळसा घालून डाव्या शिंगात शिरली, तिथून पुढे जायला वाट नव्हती, मागे फिरली. उजवीकडे गेली, तिथे शिंगच नव्हतं. मग ती ओट्याशी येऊन उभी राहिली. पाणी छातीइतकं होतं. केसांतून पाणी गळत होतं. दाजींचे पांढरे बूट तिच्या नाकासमोर होते. तिने वर पाहिलं.

"अवं," ती म्हणाली, "संपला व्हय?"

पूजेसाठी डीजे बंद होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. अनसूयाने पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. तिच्यामागून सगळा काठ हसायला लागला. भैरू तर बांधावर खालीच बसला.

दाजींनी उठून पाय टाकायला फळी शोधली. ती साधनाच्या हेलकाव्याने केव्हाच सरकून डाव्या शिंगात जाऊन अडकली होती.

"फळी! आरं फळी आना कुनीतरी!"

"टँकात उभं ऱ्हात्यात म्हनला व्हता न्हवं?" साधना म्हणाली. "या की. उतरा, उभं ऱ्हावा."

एवढं बोलून ती पायऱ्या चढून वर आली. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "दादा, गाडी काढ. मी पिशवी घिऊन आले." आत जाऊन ओल्या साडीवर शाल लपेटून ती आली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही फाटकातून निघालो तेव्हा दाजी टिळ्यावरच होते, आणि ड्रोन त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत सगळं टिपत होता.

पिरंगुट गेलं, घोटवडे गेलं. डोहावर आल्यावर तिने जांभळीच्या आडोशाला कपडे बदलले. गौतमीने आणलेला तो काळा ड्रेस तिला थोडा घट्ट होत होता. ती पाण्यात उतरली आणि गेली. हात मोजायची गरज नव्हती. पलीकडच्या काठाला पोचली, दगडाला हात लावला, फिरली. परत आली, थांबली नाही, पुन्हा गेली. मी काठावर बसून रडलो. लहानपणी भीतीने रडलो होतो, आता कशाने ते मला सांगता येईल, पण सांगायची गरज वाटत नाही.

संध्याकाळी ती स्वतःच भुकूमला परत गेली. घर तिचंही आहे. पण तेव्हापासून दर रविवारी ती सकाळच्या गाडीने रिह्याला येते. दाजी तिला काही बोलले नाहीत, कारण ड्रोनवाल्याने ते चित्रण सगळ्या तालुक्यात पोचवलं होतं. तालुक्याने टँक ओळखला, ही त्यांची इच्छा तेवढी पुरी झाली.

मागच्या रविवारी ते स्वतः तिला गाडीतून सोडायला आले. मला वाटलं, शहाणपण उशिरा का होईना, आलं. साधना पाण्यात होती. दाजी हात मागे बांधून काठावर उभे राहिले. डोहाकडे, जांभळीकडे, पलीकडच्या काठाकडे बघितलं. मग त्यांचे ओठ हलायला लागले आणि ते काठाने ढांगा टाकू लागले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "जागा झ्याक हाय. पन ह्याला जरा शेप दिला पायजे. वरनं ड्रोननं बगितलं ना..."

"दाजी," मी म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं वाक्य मी मध्येच तोडलं. "आदी उतरा तरी."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि दोन ढांगा मागे सरकले. साधना तोवर पलीकडच्या दगडाला हात लावून परत फिरली होती.